उंच गाडीची मागची सीट

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गाडी घेतली. काल सोलापूरच्या शोरूममधून स्वतः चालवत नळदुर्गला आणली आणि आज लगेच कामावर काढली. दोनशे सीसी, एकच सिलिंडर, पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं, मडगार्ड चाकापासून हातभर वर. डांबरावर आणि ढेकळात सारखीच चालते. शोरूमवाला म्हणाला, सुरुवातीचे काही आठवडे गाडी कशी वाटते ते लिहून ठेवा. ही वही त्यासाठी आहे. पण मी एकदा लिहायला बसलो की इकडचंतिकडचं येणारच, ते आधीच सांगून ठेवतो. घरात लिहायला निवांत कोपरा नाही, म्हणून इथं जळकोटच्या सबस्टेशनला बसून लिहितोय. इथं ट्रान्सफॉर्मर सोडला तर मध्येच बोलणारं कुणी नाही.

वायरमनला अशीच गाडी पाहिजे. माझ्या हद्दीतल्या तारा रस्त्याच्या कडेनं कमी आणि उसातून, नाल्यातून जास्त जातात. जुनी शंभर सीसी बांधाला टेकवून मी पुढं पायी जायचो. आज थेट डीपीपर्यंत, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबापर्यंत गेलो आणि तुरीतली माणसं उभी राहून बघत होती.

आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाली, "धना, ही गाडी हाय का उंट? तुज्या बायकूनं शिडी लावून चढायचं व्हय?"

दैवशाला प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय देऊन बसली. ती वाडीच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. रोज तिला वाडीला सोडायचं आणि मग जळकोट गाठायचं, हा आमचा शिरस्ता. वाडीला स्टूल नव्हतं, तिनं उडीच मारली. साडी झटकली आणि काही न बोलता आत गेली. गाडीचा रुबाब बघून गप्प झाली असणार.

२८ नोव्हेंबर

जुन्या गाडीत आणि हिच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनी पन्नासच्या पुढं गेली की दात वाजायचे, म्हणून आम्ही चाळीस-पन्नासनंच जायचो. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, नाक्यावर पोलीस दिसला तरच डोक्यावर. दैवशाला मागून अखंड बोलत असायची. आमच्या पोरीला, अर्पिताला, अकरावीला लातूरला ठेवायचं ठरलं ते गाडीवरच. थोरल्या भावाशी, अण्णाशी, वाटणीवरून वाजलं होतं, तेव्हा कसं मिटवायचं तेही तिनंच मागून सुचवलं होतं, आणि मिटलंही तसंच.

घरात ते जमत नाही. आईसमोर बायकोशी बोलायची आमच्याकडं रीत नाही. अण्णा आणि सत्यभामा वहिनीही बोलत नाहीत, पण त्यांची खोली माडीवर आहे, त्यांचं भागतं. आमची खोली आईच्या खोलीला लागून, मध्ये नुसता पडदा. काही विचारायचं असलं की मी अर्पिताला म्हणायचो, "तुझ्या आईला विचार, डबा झाला का." दैवशाला तिथंच दोन हातांवर असायची, पण तीही अर्पितालाच सांगायची, "पप्पांना म्हणावं, झाला." जूनपासून पोरगी लातूरला गेली आणि घर कसं शांत झालं. डबा ओट्यावर दिसला की मी उचलतो.

नव्या गाडीवर सत्तर सहज जातो. वारं कानात असं भरतं की मागचं काही ऐकूच येत नाही. शिवाय कामावर वेळेच्या आधी पोचतो.

४ डिसेंबर

आज दैवशालाच्या पदराचं टोक चाकाकडं ओढलं गेलं. थोडक्यात वाचलो. ही परदेशी धाटणीची गाडी, तिला साडी म्हणजे काय ते ठाऊक नाही. जाळी नाही, बाईमाणसाला एका बाजूला पाय ठेवायला पट्टी नाही. शिवपुत्रच्या गॅरेजवर नेली. शिवपुत्र म्हणजे नळदुर्गातला माझा जुना दोस्त, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं जाळी आणि पट्टी दोन्ही ठोकून दिली. गाडी आता जरा लग्नघरी आल्यासारखी दिसते, पण काम पक्कं झालं.

दैवशाला बसली आणि म्हणाली, "जरा हळू चला."

मी म्हणालो, "पुढं-मागं दोन्ही डिस्क ब्रेक आहेत, भ्यायचं काही कारण नाही."

९ डिसेंबर

वाडीला उतरल्यावर दैवशाला म्हणाली, "उद्यापासनं मी जीपनं जात जाईन."

"का?"

"तुमाला उगं वळसा पडतो."

इतकी वर्षं वळसा पडला नाही तो आत्ताच कसा पडला? कारण उघड आहे. सीट उंच आहे आणि चारचौघांत उडी मारायची तिला लाज वाटते. सिस्टर म्हणून तिला गावात मान आहे. तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण मला कळतं.

लग्नापासून माझ्या मागं बसणारी बायको काळी-पिवळीत दहा माणसांत अंग चोरून जाणार, हे मला मान्य नाही. खोट गाडीत आहे, तर इलाज गाडीचा करायचा. दैवशाला पुन्हा मागं बसली पाहिजे, एवढंच आता ध्येय. मशीन म्हटलं की मी हार मानत नाही.

१४ डिसेंबर

गाडी खाली घेतली. शिवपुत्रनं पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवले, मागं शॉकअपची पट्टी बदलली, सीटचा फोम तासला. चांगली चार बोटं खाली आली. आम्ही दोघांनी चहा पीत पीत सगळ्या बाजूंनी बघितली. शिवपुत्र म्हणाला, "आता लहान लेकरू बी बसतंय बगा." अंगणात आणून लावली.

१५ डिसेंबर

गाडी पडली. अंगणात उभ्या उभ्याच पडली. कारण साधं आहे आणि ते आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. गाडी खाली आली, पण साइड स्टँड होतं तेवढंच लांब राहिलं. त्यामुळं गाडी कलायच्या ऐवजी काठी गिळल्यासारखी सरळ उभी होती. शेजारची शेळी अंग घासून गेली आणि गाडी आडवी झाली. बाजूला बाजेवर आईनं हरभऱ्याची भाजी खुडून वाळत घातली होती. गाडी नेमकी त्यावर, आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल भाजीवर.

आई शांतपणे म्हणाली, "आता सालभर ह्याचीच भाजी घालते तुला. लई पळशील."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. दैवशालानं भाजी गोळा केली. ती हसत नव्हती. खाली वाकली तेव्हा माझ्याकडं एकदा बघितलं आणि काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात आई म्हणाली, "ती पाटी आण गं इकडं," आणि ती उठून गेली.

स्टँड कापून आणलं.

२० डिसेंबर

आज दैवशाला बसली! स्टूल नाही, उडी नाही. पाय पट्टीवर नीट टेकले. हायवेला लागल्यावर मी जरा दाखवली गाडी. तिनं माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत तिनं अशी पाठ थोपटली नव्हती. मी अजून थोडी पळवली.

वाडीच्या रस्त्यावर दगडाला खालचा पत्रा दोनदा खरडला. गाडी खाली घेतल्यावर एवढं चालायचंच.

२३ डिसेंबर

दैवशालासाठी नवीन हेल्मेट आणलं. पूर्ण तोंड झाकणारं, आत मऊ गादी, चांगल्यातलं. तिनं हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे घातल्यावर ऐकू येतं का?"

"बाहेरचा आवाज अजिबात येत नाही," मी म्हणालो. "म्हणून तर भारीतलं आणलं."

तिनं ते मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ काच वरखाली करत बसली. आईनं आतून हाक मारली तशी गेली.

२४ डिसेंबर

दैवशाला जीपनं गेली. हेल्मेट खुंटीला आहे.

खरं लिहायचं तर आता माझी मती गुंग झाली आहे. उंची कमी केली, जाळी लावली, पट्टी लावली, हेल्मेट आणलं. मशीनमध्ये आता काही उरलेलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस (वेळ अमावास्या)

आज सगळं घर शेतात. बायका, भांडी, आंबिलीची मडकी, बाजरीचे उंडे, भाज्यांची भज्जी असं सगळं अण्णाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मी गाडीवर आडरानानं बांधावरून जाऊन सगळ्यांच्या आधी पोचलो. कडब्याची कोपी बांधली, आत पाच दगडांचे पांडव मांडले. ज्वारी अशी उभी आहे की माणूस दिसत नाही.

पूजा झाली, सगळे जेवायला बसले. मी आंबील शिंपडत रानाच्या टोकापर्यंत गेलो, तर मागं दैवशाला आली. हातात आंबिलीचा तांब्या. म्हणाली, "थांबा जरा. एक विचारायचं हाय. उद्या शेवटचा दिवस हाय—"

"कशाचा?"

तेवढ्यात ज्वारीतून सत्यभामा वहिनी, "अगं दैवशाला, आत्या बोलावायल्यात, भज्जी सपली का बघ म्हणं." सुना आईला आत्या म्हणतात. दैवशालानं तांब्या माझ्या हातात दिला आणि वळली.

वर्षाचा शेवटचा दिवस म्हणत असेल. उद्या एकतीस. तिच्या ऑफिसात जेवणबिवण असेल. विचारायचं म्हणून ठेवलं होतं, पण परत येताना ती ट्रॉलीत, मी गाडीवर.

७ जानेवारी २०२५

गाडी परत वर घेतली. खाली असताना नाल्यात अडकते आणि बसायला तर कुणी नाहीच. शिवपुत्र म्हणाला, "आता स्टँड आखूड झालं की हो." त्याखाली लोखंडाचा तुकडा जोडला.

गाडी एक नंबर आहे, याबद्दल शंका नाही. पण एक गंमत सांगतो. दिवसभरात काही घडलं की मी ते मनात बाजूला ठेवतो, सांगायला म्हणून. परवा पोलवर चढलो तर खालून एक म्हातारबा ओरडला, "बाबा, वर हायस तवर माज्या लेकाला हाळी मार की." असं काही. संध्याकाळी घरी जातो, जेवतो, आणि ते कुणाला सांगायचं होतं तेच लक्षात येत नाही. सकाळी हायवेवर एकटाच असतो, मागं हलकं हलकं लागतं. करमत नाही. वय झालं असेल.

१६ जानेवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून टाकतो.

वाडीची डीपी उडाली म्हणून दुपारी गेलो होतो. फ्यूज टाकून खाली उतरलो, तर गजराबाई उभ्या. त्या वाडीच्या आशाताई, दैवशालाच्या हाताखाली काम करतात. डोळे पुसत म्हणाल्या, "वायरमनसाहेब, आमच्या सिस्टर चालल्या की हो वाशीला. बढती झाली ते चांगलंच झालं, पर आमाला त्यांच्यासारकं कोण भेटणार? तुमी बी चालला का संगट?"

मी "बघू" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वाशी म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं पार दुसरं टोक. माझ्या बायकोची बढती आणि बदली मला डीपीखाली कळते. राग आला, असा की कानशिलं तापली. गाडी तशीच उपकेंद्राकडं घेतली.

दैवशाला लसींचा डबा बंद करत होती. मला बघून ओळखलंच तिनं. बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहिली. मी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं.

"मला सांगितलं नाहीस?"

"कवा सांगू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरात आत्या, जाऊबाई. पडद्याआडनं आत्याला माजा श्वास बी ऐकू जातो. फोन केला तर तुमी पोलवर. एक गाडी हुती बोलायला. तीच तुमी बदलली. बढतीचा कागद आला त्या आठवड्यात तुमच्या खांद्यावर थापा मारल्या, तर तुमी गाडी अजून पळवली. मग डोक्याला टोपडं आणून दिलं, बाहेरचं ऐकू येत न्हाय म्हणून. येळवसला आले, तितं बी जमलं न्हाय. नको असलं तर कळवायची शेवटची तारीक दुसऱ्या दिवशी हुती."

"मग?"

"मग काय? तुमाला विचारून ठरवायचं हुतं. विचारता आलं न्हाय, तवा मीच ठरवलं. मी जाणार हाय. वीस वर्सं सुया टोचल्यात, आता मला आरोग्य सहाय्यिका व्हायचंय. पयल्या फेब्रुवारीला हजर व्हायचं."

महिनाभर मी स्टँड कापत होतो, फोम तासत होतो, आणि ही बाई एवढं मोठं मनात घेऊन काळी-पिवळीत बसून जात होती. राग कुठं गेला कळलं नाही. लाज वाटली. खूप वाटली. म्हणालो, "मला वाटलं, तुला उंचीचा त्रास होतोय."

त्यावर ती हसली. डोळ्यांत पाणी आणि हसली. "उंचीचं काय, मी झाडावर बसून बी आले असते."

"आणि मी काय करू इथं?"

"तुमच्याकडं गाडी हाय की. ढेकळात चालती, डांबरात चालती. वाशीला चालत न्हाय व्हय?"

१७ जानेवारी

काल रात्री जेवायला सगळे होते. अण्णा, वहिनी, आई. दैवशाला भाकरी थापत होती, पाठमोरी. सांगायचं मला होतं, आणि सांगायला मध्ये अर्पिता नव्हती.

"दैवशाला," मी म्हणालो. नाव घेऊन, आईसमोर. आयुष्यात पहिल्यांदा. तिचा हात भाकरीवर तसाच थांबला. "तू वाशीला जा. पहिल्या तारखेला हजर हो. खोली बघायला आपण रविवारी जाऊ."

अण्णानं मान खाली घातली. वहिनी पाणी द्यायचं विसरली. आईनं हातातला घास ताटात ठेवला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मन घट्ट केलं.

"तोंडं हायत व्हय तुमा दोगाला?" आई म्हणाली. "आरं, इतकी वर्सं म्या समजत हुते, ह्यांचं पटतच न्हाय म्हणून. येकमेकाला येक सबूद न्हाय. तुळजापूरला गेले की देवीला हेच मागते, माज्या धनाचं आन त्याच्या बायकूचं जुळू दे."

मी म्हणालो, "आई, तुझ्यासमोर बोलायची रीत नाही, म्हणून."

"म्या कवा म्हणले बोलू नगा? तुजा बाप बोलत न्हवता, त्येला बोलायचंच काय नसायचं."

वहिनीला ठसका लागला. आई दैवशालाकडं वळली. "जा गं बाय. मोठी सिस्टर हो. आन तितं कुणाचं भ्या न्हाय, तवा मनासारकं भांडून बी घ्या."

दैवशाला उठून तिच्या पाया पडली. पिठाचे हात तसेच.

२ फेब्रुवारी, रविवार

काल दैवशाला वाशीला हजर झाली. खोली बघायचा रविवार माझ्या ड्यूटीत गेला, ती अण्णानंच बघून ठेवली. सामान अण्णाच्या ओळखीच्या टेम्पोत पाठवलं, अण्णाच सोबत गेला. मला सुट्टी मिळाली नाही, इकडं वीजबिलाच्या वसुलीची गडबड. सकाळी वाडीचा वळसा न घेता थेट जळकोटला आलो. रस्ता चांगला आहे. गाडीत काही खोट नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हे वाशीत बसून लिहितोय. पहाटे निघालो. तुळजापूर, धाराशिव, येरमाळा. घाटात गाडी अशी चढली की मन भरून आलं. एवढ्या लांबवर तिचं खरं पाणी दिसलं. ही गाडी घेतली ते बरोबरच केलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

बसस्थानकाच्या मागं दोन खोल्या. पडदा नाही, दार आहे. दैवशालानं चहा केला. एक चटई, त्यावर ती एका बाजूला आणि मी समोर. मी खिडकीकडं बघत होतो, ती कपाकडं. मग मी त्या म्हातारबाची गोष्ट सांगितली, पोलवर चढलो होतो तेव्हाची. ती हसली आणि मग सुटलीच. इथले डॉक्टर कसे आहेत, कुठल्या गावाला नदीतून जावं लागतं, एका बाळंतिणीला तिनं कसं समजावलं, घरमालकीण दूध कसं पातळ करते. बोलताना हात असे हवेत फिरवत होती. महत्त्वाचं आलं की पुढं झुकायची. डॉक्टरांची नक्कल केली तेव्हा एक भुवई वर गेली आणि नाकाचा शेंडा हलला. चहा तिचाही निवला, माझाही.

मध्येच थांबून म्हणाली, "असं काय बघायलाव?"

मी "काही नाही" म्हणालो. काय सांगणार? तिचं सगळं बोलणं मी आजवर रस्त्याकडं बघत ऐकलं. लग्नाला वीस वर्षं होत आली आणि दैवशाला बोलताना कशी दिसते ते मी आज पाहिलं.